कोतवाल अजून नाक्यावर उभा आहे

दिगंबर, माणूस गेल्यावर मागे फक्त त्याच्याविषयीचं सत्य उरतं.

तुझ्याविषयीचं सत्य सहा फूट रुंद आणि चार फूट उंच आहे, आणि ते तुझ्या ऑफिसच्या कोपऱ्यावर विजेच्या खांबाला बांधलेलं आहे. डावीकडं कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, उजवीकडं प्लॉट विक्रीचा, मधे तू. फोटो तुझ्या लग्नातला आहे. फेटा कापून काढलाय, त्यामुळं डोकं वरून सपाट झालंय. खाली लिहिलंय, 'वाणीची जन्मजात देणगी लाभलेले आमचे मार्गदर्शक'. यातलं 'मार्गदर्शक' मी सोडून देतो. गेलेल्या माणसाला मार्गदर्शक म्हणायचा इकडं रिवाज आहे, जिवंतपणी त्याला कुणी बसस्टँड कुठंय एवढंही विचारलेलं नसतं. पण 'जन्मजात' या शब्दानं माझं डोकं गेले कित्येक दिवस तापलेलं आहे. आणि ज्याच्याशी त्यावरून भांडावं तो एकमेव माणूस खांबावर आहे.

ही तुझी जुनी सवय. भांडण रंगात आलं की तू म्हणायचास, "चहा घे, निकाल पुढच्या रविवारी देतो." या वेळी निकाल राखून ठेवून तू निघूनच गेलास. हे मला पटलेलं नाही. तुझ्या टेबलावर खेळणाऱ्या कुणालाच पटलेलं नाही.

विष्णुपुरीच्या कॉलेजच्या दिवसांपासून सांगतो, कारण तुझ्या साहेबांना ते दिवस माहीत नाहीत आणि माहीत नसताना ते शोकसभेत पाऊण तास बोलले.

शिकत असताना, होस्टेलच्या खोलीत, आपल्या एका सीनियरनं आपल्याला ती झेरॉक्स दिली. परदेशी खेळाचं पुस्तक. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि त्या माणसांना एखादी गोष्ट जमली की फसली, हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. प्रत्येक पात्राला जन्मतःच सहा आकडे. आपण त्यांना मराठी नावं दिली: ताकद, चपळाई, दम, अक्कल, शहाणपण, रुबाब. दहा म्हणजे चारचौघांसारखा. अठरा म्हणजे पंचक्रोशीत नाव. सहा म्हणजे विषय काढू नये. आकडा चांगला असेल तर फाशावर जे पडेल त्यात थोडं मिळवायचं, वाईट असेल तर वजा करायचं. आणि फाशावर एक पडला तर मिळवायचंही नाही आणि वजाही करायचं नाही. एक म्हणजे फजिती, मग तुमचे आकडे काहीही असोत.

झेरॉक्सवाल्यानं मधली काही पानं गाळली होती. आपल्याला ते कळलंच नाही. सहा आकडे म्हणजेच पूर्ण खेळ, असं समजून आपण दोन वर्षं खेळलो. आपल्या त्या जगात कुणी काही शिकलेलंच नव्हतं. माणूस जन्माच्या आकड्यावर पोहायचा, जन्माच्या आकड्यावर घोडा हाकायचा, जन्माच्या आकड्यावर बाजारात भाव करायचा. माझ्या वैद्याची अक्कल सतरा होती, म्हणून तो नाडी बघायचा आणि त्याच अकलेवर नाव वल्हवायचा. मला हे जग फार सोयीचं वाटायचं.

तुला वाटायचं नाही. फाशानं तुझ्या पात्राला रुबाब सहा दिला होता. तुझा माणूस तोंड उघडायचा आणि फासा त्याला गप्प बसवायचा. टेबलाच्या अलीकडं तुझंही तेच होतं. तू किल्लारीचा, पण "कुठला रे तू?" असं विचारलं की "औशाच्या पुढं" म्हणायचास, कारण गावाच्या पहिल्याच अक्षरावर तुझी जीभ अडायची. गाव कळलं की लोक चेहरा पाडून विचारायचे, "भूकंपाचा धक्का बसला का?" तू म्हणायचास, "त्याच्या आधीपासून." आणि लोक जरा नाराज व्हायचे. अडखळण्याला एवढं मोठं कारण आयतं तयार असताना तू ते घेत नव्हतास.

एका संध्याकाळी तू म्हणालास, "माझ्या माणसानं शिकायचंच न्हाई?"

"तसं पुस्तकात लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"लिहिलं न्हाई म्हणून तर विचारून राहिलो."

आणि तू शिकलेल्या गोष्टींचा नियम स्वतःच बसून बनवलास. विहिरीत उतरणं, जनावर ओळखणं, भाव करणं, हुलकावणी, धाक घालणं. मी या सगळ्याला 'कसब' म्हणू असं सुचवलं. तू दोनदा प्रयत्न केलास आणि म्हणालास, "हुन्नर म्हणू." हुन्नर ठरलं.

सीनियर पास होऊन गेला तेव्हा गोष्ट सांगायला कुणी उरलं नाही, म्हणून तू बसलास. तुझी पहिली गोष्ट मी ऐकलेली आहे. तिच्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं एवढंच की मध्येच लाइट गेली. आम्ही भिंतीकडं बघत होतो, तू एका शब्दावर उभा होतास, आणि अंधार झाल्यावर सगळ्यांनाच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून तू होस्टेलच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला गोष्टी सांगायला लागलास. श्वास कुठं घ्यायचा ते शोधलंस. अवघड शब्दाच्या आधी एक सोपा शब्द ठेवला की त्यावर पाय देऊन पलीकडं जाता येतं, हे शोधलंस. उजव्या हाताचं बोट टेबलाखाली मांडीवर आपटत वाक्याला चाल लावायचास. आणि 'क' जिथं टाळता येईल तिथं टाळायचास. तुझ्या नकाशावर 'क'चं एकही गाव नव्हतं, सगळी वस्ती म, न आणि ल वर. पुढं सलीम आपल्यात आला, त्याचं लातूरला चष्म्याचं दुकान, नजर मूळचीच बारीक. तो नकाशा बघून म्हणाला, "क्या रे दिगंबर, तेरे मुल्क में क से एक गाव नक्को?" तू म्हणालास, "जकात बसवलीय त्या अक्षरावर."

असं करत करत दहा-बारा वर्षांत तू असा सांगायला लागलास की आम्ही चहा थंड करायचो. मी लातूरहून दर दुसऱ्या रविवारी बसनं तीन तास हाडं खिळखिळी करून नांदेडला तुझ्या घरी यायचो, ते वहिनींच्या पोह्यांसाठी यायचो असं घरी सांगायचो. पोहे चांगले असायचे. पण पोह्यांसाठी माणूस अहमदपूरच्या पुढंही जात नाही.

मग सलीमच्या भाच्यानं हैदराबादहून खरं पुस्तक आणलं, सगळी पानं असलेलं. मी आधी गाळलेली पानं काढली. हुन्नर पुस्तकातही होतं. पण प्रत्येक हुन्नर जन्माच्या कुठल्या ना कुठल्या आकड्याला बांधलेलं, वासरू खुंट्याला बांधतात तसं. पोहणं ताकदीला, चोरी चपळाईला, धाक रुबाबाला. आणि बेरीज अशी की ताकदीचा पण काही न शिकलेला पैलवान, आणि शिकलेला पण अंगानं किरकोळ माणूस, सुरुवातीला दोघंही जवळजवळ सारखेच पोहतात. मी ते पान तुझ्यासमोर धरलं.

तू शांतपणे वाचलंस आणि म्हणालास, "पुस्तक चुकलंय."

"अरे, छापील आहे."

"फ्लेक्सबी छापीलच असतात."

हे तू तेव्हा म्हणाला होतास. आज त्या खांबाखालून जाताना मला ते आठवलं आणि मी रस्त्यात उभा राहून हसलो. प्लॉटवाल्याच्या माणसाला वाटलं मला प्लॉटमध्ये रस आहे.

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते शेवटपर्यंत संपलं नाही. माझं म्हणणं, पुस्तक बरोबर आहे. मी क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. एकच गणित शंभर पोरांना शिकवतो, त्यातल्या दोघांना ते आधीच येत असतं आणि पाच जणांना ते शेवटपर्यंत येत नाही. मधल्यांच्या फीवर इमारत उभी आहे. जन्माचा आकडा सुटत नाही, शिकणं त्याच्यावर चढवलेला रंग. तुझा नियम याच्या बरोबर उलटा. "शिकलं की जन्माचा आकडा बाजूला. शिकलाच न्हाई, तर मग जन्म मोजा."

"जगात असं नसतं," मी म्हणायचो.

"तू जग बघितलंस ते बसच्या खिडकीतून. आठवडाभर लातूरला सराव विकतोस आणि रविवारी नांदेडला येऊन जन्म."

आमच्या क्लासच्या, खांबावर टांगलेल्या फलकावर माझ्या फोटोखाली 'सरावाने सर्व साध्य' असं लिहिलेलं आहे. आता आपण दोघंही खांबावर आहोत, आणि दोघांच्याही खाली जे लिहिलंय ते आपल्या मताच्या विरुद्ध आहे.

शेवटचा रविवार. तुझ्या घरचं जेवणाचं टेबल, त्यावर ऑइलक्लॉथ. सलीमचं पात्र हकीम, त्याला नाक्यापलीकडं चोरून न्यायचं म्हणून गाडीत कडब्याखाली लपवलेला. बैल कल्पनाच्या हातात. कल्पना जनावरांची डॉक्टर असल्यामुळं खेळातही तिला बैलच देतो याबद्दल ती तुझ्यावर कायम चिडलेली. आणि गाडीपुढं माझं नवं पात्र, दगडू पैलवान. ताकद अठरा, रुबाब आठ, धाक घालायचं कधी शिकलेला नाही. समोर नाका, नाक्यावर आडवा वासा. वाशापलीकडं जो उभा होता त्याला तू आजवर नाकेदार, शिपाई, जमादार, काहीही म्हणाला असतास. त्या दिवशी तू म्हणालास, "तिथं क... क... कोतवाल उभा हाय."

तुझ्या जगात 'क' पहिल्यांदा आला. आणि तो कोतवाल पुढंही तसाच बोलत राहिला, प्रत्येक वाक्यात अडत, मान वाकडी करत. सलीम खूश झाला. "क्या अ‍ॅक्टिंग करता रे तू," म्हणाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. तू पाणी प्यालास.

मी म्हणालो, "दगडू तो वासा दोन हातांनी उचलतो, गुडघ्यावर मोडतो आणि कोतवालाकडं बघतो."

"मोडला. तो म्हणतो, वासा स... सरकारी हाय."

"घाबरला की नाही?"

"धाक हे रुबाबाचं खातं. टाक फासा, आणि त्यातून एक वजा."

"वासा मोडलाय मी. इथं ताकद मोजली पाहिजे. चार मिळवायचे."

"म्हैस दगडूपरीस मोठी असती. म्हशीला भ्यायला लागलं तर गल्लीत राहता येईल व्हय?"

"मी भिते," कल्पना म्हणाली. "रोज भिते. शिंगवाल्याचा रुबाब बघायला मी थांबत नाही."

म्हणजे एक मत मला मिळालं. सलीम कडब्याखाली असल्यामुळं तटस्थ होता. पाऊण तास आपण भांडलो. शेवटी शेवटी तू कमी बोलायला लागलास, आणि म्हणालास, "चहा घे. निकाल पुढच्या रविवारी देतो."

पुढच्या रविवारी तू नव्हतास.

तुझ्या ऑफिसात शोकसभा ठेवली. पहिला प्रश्न आला तो सूत्रसंचालन कुणी करायचं हा. कारण निरोप समारंभ असो, पुण्यतिथी असो, साहेबांच्या मुलाचा सत्कार असो, तिथं माईक तुझाच. पोडियमच्या मागं बोट दिसत नाही, म्हणून तुला पोडियम आवडायचा हे मला एकट्याला माहीत होतं. शेवटी तुझ्या हाताखालच्या एका क्लार्कला उभं केलं, आणि त्यानं सगळी सभा तुझीच वाक्यं वापरून चालवली. 'आता मी माननीय साहेबांना विनंती करतो' हे म्हणताना त्यानं तुझ्यासारखा श्वाससुद्धा घेतला. तो श्वास कशासाठी होता हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं.

साहेब उशिरा आले, कारण साहेबच होते. ते म्हणाले, भूकंपाच्या ढिगाऱ्यातून उमललेलं हे फूल. तू त्या वेळी नायगावला आत्याकडं होतास. ते म्हणाले, सरस्वती जिभेवर घेऊनच काही माणसं जन्माला येतात. म्हणाले, अशी देणगी मेहनतीनं मिळत नाही, ती मुळातच असावी लागते. आणि समोरच्या दीडशे माना हलल्या.

मला सांग, मी काय करायला हवं होतं? वीस वर्षं मी तुझ्यासमोर नेमकं हेच म्हणत होतो. माझं मत एका अधिकाऱ्याच्या तोंडून, माईकवरून, हार घातलेल्या फोटोशेजारी ऐकलं आणि मला ते इतकं घाणेरडं वाटलं की मी उभा राहिलो. पाण्याच्या टाकीसमोर घालवलेल्या तुझ्या सगळ्या संध्याकाळी तो माणूस एका वाक्यात काढून घेत होता आणि देवाच्या नावावर जमा करत होता. देणगीच असती तर देणाऱ्याचं नाव कुठंतरी फरशीवर कोरलेलं असतं, इकडं कुणी गुपचूप देत नाही.

मी म्हणालो, "साहेब, एक दुरुस्ती आहे. देणगी वगैरे काही नव्हतं. हा माणूस बोलायला लागला की आम्ही भिंतीकडं बघायचो. तोतरा होता. त्याचा रुबाब सहा होता. जे तुम्ही ऐकलंत ते सगळं त्यानं कमावलेलं होतं. त्यानं अडखळणं जिंकलं."

मागून कुणीतरी हळू विचारलं, "सहा, कितीपैकी?" मी उत्तर द्यायला गेलो, ती चूक झाली. वीस बाजूंचा फासा म्हणालो. दर दुसऱ्या रविवारी, त्याच्या घरी, म्हणालो. मागच्या रांगेत दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. साहेब माईकवर म्हणाले, "दिवंगताच्या व्यसनांचा उल्लेख आज नको." आणि दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली. मी आयुष्यात एवढ्या रागानं कधी शांतता पाळलेली नाही.

बाहेर गेटाजवळ वहिनी थांबल्या होत्या. तुला माहीत आहे, त्या शाळेत गणित शिकवतात, आवाज चढवत नाहीत. म्हणाल्या, "भावजी, थोडे दिवस घरी येऊ नका." बस्स. फाशाची पेटी, नकाशे, दगडू, कोतवाल, सगळं त्या घरात, त्या टेबलावर. आणि तू जिथं होतास ती जागासुद्धा तीच एक. फोटोतला सपाट डोक्याचा माणूस मला काय करायचाय. मी लातूरच्या बसमध्ये बसलो आणि अहमदपूरपर्यंत साहेबांना उत्तरं देत राहिलो, मनातल्या मनात. फार छान बोललो.

मी माफी मागणारा फोन केला नाही, कारण मी बरोबर होतो. अजूनही म्हणतो, बरोबर होतो. म्हणजे जिथवर मला माहीत होतं तिथवर.

तेराव्यानंतर वहिनींचाच फोन आला. "रविवारी या. सलीमभाईंना आणि कल्पनाताईंना पण बोलवा."

आम्ही गेलो. तुझी खुर्ची होती तिथंच होती, आम्ही तिघं आपापल्या जागी बसलो, वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. पोहे नव्हते. सलीम म्हणाला, "भाभी, इसकी जबान पे मत जाओ. ये हमेशासे ऐसाच है."

"मी तोतरा म्हटल्याचा राग धरलेला नाही," वहिनी म्हणाल्या. "जुगाराचाही नाही. शेजारणीला मी सांगितलं, जुगारच होता, पण बैल लावायचे. भावजी, तुम्ही 'होता' म्हणालात, त्याचा राग आला."

मला कळलं नाही.

"तोतरे होते, आणि जिंकलं, असं म्हणालात. जिंकलंबिंकलं काही नव्हतं. घरी रोज अडखळायचे. ऑफिसातून आले, चप्पल काढली, की सुरू. लग्नानंतर पहिल्यांदा मी घाबरलेच. नंतर लक्षात आलं, दमून येतात. बाहेर एकेक वाक्य उचलून उचलून नेतात, घरी आले की ओझं खाली ठेवतात. भाजी आणा म्हणायला कधी कधी दोन मिनिटं लागायची. मी थांबायचे. ती दोन मिनिटं फक्त माझी होती. साहेब म्हणाले जन्मजात. तुम्ही म्हणालात कमावलेलं. दोघांनी मिळून माझा नवरा ठेवला कुठं?"

कल्पना ऑइलक्लॉथची घडी बोटानं सरळ करत राहिली.

मग मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "वहिनी, शेवटच्या रविवारी तो कोतवाल करत होता..."

"ऐकलं मी आतून," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, आता तुमच्यासमोरही घरच्यासारखं बोलायला लागले."

आणि आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, दिगंबर. अ‍ॅक्टिंगबद्दल.

आता मला तुझ्यावर खरोखर चिडायचं आहे, तेव्हा नीट ऐक. तू माझ्याशी इतकी वर्षं खोट्या बाजूनं भांडलास. शिकलं की जन्माचा आकडा बाजूला, हा तुझा नियम. तो बाजूला होत नाही हे आपल्यात सगळ्यात चांगलं तुलाच माहीत होतं. तुझा सहा शेवटपर्यंत सहाच होता. रोज सकाळी तू त्याच्यावर हुन्नर चढवायचास आणि संध्याकाळी चपलेशेजारी उतरवून ठेवायचास. म्हणजे बेरजेत दोन्ही होतं, पुस्तकात होतं तसंच, आणि तरीही तू माझ्या तोंडावर म्हणालास की पुस्तक चुकलंय. एकदा तरी सांगायचंस. मी काही तुझा साहेब नव्हतो.

मग बसमध्ये नाही, तिथंच टेबलाशी बसल्या बसल्या मला कळलं की तू नियम जगासाठी बनवलाच नव्हतास. जगातला नियम तुला पाठ होता. तुला एक असं टेबल हवं होतं जिथं माणूस एकदा शिकला की त्याला पुन्हा कुणी जन्म विचारत नाही. ते टेबल तू ऑइलक्लॉथ टाकून बनवलंस, आणि मी दर दुसऱ्या रविवारी तीन तास प्रवास करून त्यावर जन्म आणून ठेवायचो. तू तोही चालवून घेतलास. चहा दिलास. याबद्दल आभार मानायचे असतात का मला माहीत नाही, आपल्यात तशी पद्धत नव्हती. मानतो.

"तो कोतवाल अजून नाक्यावर उभा आहे म्हणे," वहिनी म्हणाल्या. "त्याचं काय ते करून टाका. घरात अर्धवट काही ठेवू नये."

त्यांनी आतून पेटी आणली. मग जरा ओशाळून विचारलं, "कितीच्या वर पडायला पाहिजे?"

"पंधरा किंवा वर," सलीम कडब्याखालून म्हणाला, म्हणजे त्याच्या नेहमीच्या खुर्चीतून.

"आणि निकाल कुणाच्या बाजूनं धरायचा?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. ताकद धरली तर चार जास्त, रुबाब धरला तर एक कमी. एवढ्याच फरकासाठी आपण पाऊण तास भांडलो होतो, आणि एवढ्याच फरकासाठी मी तुझ्याकडून हार कबूल करून घ्यायला रविवारची वाट बघत होतो. मी म्हणालो, "त्याच्या बाजूनं. धाक रुबाबाचा. एक वजा. म्हशीला कुणी भीत नाही."

"मी भिते," कल्पना म्हणाली, पण हळू.

वहिनी दारातून पुढं आल्या. मी फासा हातात बराच वेळ घोळवला. वीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्या म्हणण्यावर, स्वखुशीनं, सगळ्यांच्या देखत. मग टाकला.

एक पडला.

एकावर ताकदही चालत नाही आणि रुबाबही. दगडू आणि हकीम कोठडीत आहेत. बैल जप्त झाले.